नळीतला गर्भ आणि दवाखान्याचे अंतर

टेस्ट ट्यूब बेबीची कहाणी सांगताना सगळे लुईस ब्राऊनपासून सुरुवात करतात. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधल्या ओल्डहॅमला ती जन्मली. पण तिच्या आधी याच डॉक्टरांच्या हातून एका स्त्रीला दिवस राहिले होते. रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो यांनी प्रयोगशाळेत तयार केलेला गर्भ गर्भाशयात सोडला होता, आणि तो जाऊन रुजला गर्भनलिकेत. ऑपरेशन करून तो काढावा लागला. ही हकीकत त्यांनी १९७६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध केली. म्हणजे ज्या उपचाराने पुढे जगभर लाखो घरांत पाळणे हलले, त्याच्या पहिल्या पानावरच नळीतल्या गर्भाची नोंद आहे.

लुईसनंतर काही आठवड्यांतच, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून 'दुर्गा' जन्मली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूच्या देखरेखीखाली हर्षाचा जन्म झाला. त्यानंतर हा उपचार महानगरांतून सोलापूर-लातूरसारख्या शहरांत आला आणि तिथून धाराशिव जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवरच्या जोडप्यांपर्यंत पोचला. एसटी स्टँडसमोरच्या फलकावर गुटगुटीत बाळाचे चित्र असते. नळीत अडकलेल्या गर्भाबद्दल त्या फलकावर एक ओळही नसते. म्हणूनच मूल होण्यासाठीच्या उपचारानंतर 'एक्टोपिकची', म्हणजे गर्भ गर्भाशयाबाहेर रुजल्याची, 'शंका आहे' असे डॉक्टरांनी म्हटले की घरात कोणालाच काही उमगत नाही. दिवस राहिलेत म्हणून आनंद करायचा, की जिवाला धोका आहे म्हणून घाबरायचे?

हा लेख त्या शंकेच्या दिवसांबद्दल आणि त्या दिवसांत कराव्या लागणाऱ्या निवडीबद्दल आहे.

रिपोर्ट आला, पण

धाराशिव जिल्ह्यात आठ तालुके आहेत. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या पुढे होती आणि त्यातली बहुसंख्य खेड्यांत राहणारी. २०१८ साली केंद्र सरकारने देशातले मागे पडलेले म्हणून जे आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांपैकी हा एक. इथल्या जोडप्याचा मुलासाठीचा प्रवास साधारण तालुक्याच्या गावी सुरू होतो. तपासण्या, पाळीच्या गोळ्या, अंडे फुटण्याचे इंजेक्शन, एखाद-दोन वेळा आययूआय, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडणे. तेवढ्याने जमले नाही की सोलापूर, बार्शी, लातूर, नाहीतर थेट पुणे. सोयाबीनचे पैसे, मोडलेले दागिने, पतसंस्थेचे कर्ज, माहेरची मदत असे सगळे गोळा करून आयव्हीएफचा, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराचा, खर्च उभा राहतो. तुळजापूरच्या आईला नवस बोललेला असतो, येरमाळ्याच्या येडेश्वरीलाही.

गर्भ सोडल्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी रक्ताची बीटा एचसीजी तपासणी होते. आकडा आला की घरात पेढे येतात. आणि मग दोन दिवसांनी पुन्हा रक्त दिले की डॉक्टर सांगतात, आकडा हवा तसा वाढत नाही. किंवा आकडा चांगला आहे, पण सोनोग्राफीत गर्भपिशवीत काही दिसत नाही. थांबून बघू.

या थांबण्याच्या काळात नेमके काय चालले आहे, हे समजून घ्यायला हवे. गर्भ आहे हे रक्त सांगते, तो कुठे आहे हे अजून कोणालाच दिसलेले नाही. यातून तीन गोष्टी निघू शकतात. गर्भ पिशवीतच आहे आणि अजून लहान आहे म्हणून दिसत नाही. किंवा तो पिशवीतच आहे, पण टिकणार नाही. किंवा तो पिशवीबाहेर, बहुतेक वेळा नळीत, रुजला आहे. पिशवीत नीट वाढणाऱ्या गर्भाचा आकडा सुरुवातीला अठ्ठेचाळीस तासांत साधारण दीडपट किंवा त्याहून जास्त होतो. पण नळीतल्या गर्भाचा आकडाही कधीकधी तसाच वाढतो, आणि पिशवीतल्या चांगल्या गर्भाचा आकडा कधी संथ असतो. एका आकड्यावरून निदान होत नाही. लागोपाठचे आकडे आणि योनीमार्गे केलेली सोनोग्राफी एकत्र पाहिली तरच चित्र स्पष्ट होते. आकडा दीड हजार ते साडेतीन हजारांच्या पुढे गेला तरी पिशवी रिकामी दिसत असेल, तर शंका पक्की होत जाते.

उपचारानंतरच्या या काळात काही जास्तीचे गुंते असतात. अंडे फुटण्यासाठी दिलेले इंजेक्शन एचसीजीचेच असेल, तर ते आठ-दहा दिवस रक्तात राहते. त्या काळात घाईने केलेली तपासणी खोटी आशा देते. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या-इंजेक्शने चालू असल्याने अंगावरून जाणे लांबते किंवा कमी होते, आणि धोक्याची एक खूण झाकली जाते. इंजेक्शनांमुळे सुजलेली अंडाशये दुखतात, त्यामुळे ओटीपोटातली कळ 'औषधांमुळेच असेल' म्हणून सोडून दिली जाते. एक फायदा मात्र नक्की आहे. गर्भ कोणत्या दिवशी सोडला हे तारखेनिशी माहीत असते, त्यामुळे पाचव्या-सहाव्या आठवड्यात पिशवीत काय दिसायला हवे होते, याचा हिशेब चुकत नाही.

गर्भ नळीत जातोच कसा

नातेवाईकांचा पहिला प्रश्न हाच असतो. डॉक्टरांनी गर्भ पिशवीत सोडला होता, मग तो नळीत गेला कसा? कोणी तिच्या उठण्या-बसण्याला दोष देते, कोणी जिना चढल्याचे काढते, कोणी डॉक्टरचा हात चुकला म्हणते. यांतले काहीच सहसा खरे नसते. सोडलेला गर्भ लगेच चिकटत नाही. एक-दोन दिवस, कधी जास्त, तो पिशवीत तरंगत असतो. पिशवीची हलकी आकुंचने त्याला नळीच्या तोंडाकडे ढकलू शकतात. निरोगी नळी त्याला परत पाठवते. आधीच्या जंतुसंसर्गाने, क्षयाने, ऑपरेशनने किंवा पाणी भरल्याने खराब झालेली नळी ते करू शकत नाही, आणि गर्भ तिथेच रुजतो. ज्या बाईला नळ्या खराब असल्यामुळे आयव्हीएफ करावे लागले, तिच्याच नळीत गर्भ अडकण्याची शक्यता म्हणून जास्त. दोन्ही नळ्या काढलेल्या स्त्रीलाही नळीच्या उरलेल्या मुळाशी, पिशवीच्या कोपऱ्यात, गर्भ राहू शकतो.

एकूण गर्भधारणांमध्ये शंभरात एक-दोन गर्भ पिशवीबाहेर राहतात. आयव्हीएफनंतर हे प्रमाण थोडे वाढते. गोठवून ठेवलेला गर्भ नंतरच्या पाळीत सोडला किंवा पाच दिवसांचा वाढलेला गर्भ सोडला, तर ते कमी आढळते. पिशवीबाहेरच्या गर्भांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त नळीतच असतात. दुर्मीळ प्रसंगी दोन गर्भ सोडल्यावर एक पिशवीत आणि एक नळीत रुजतो. नैसर्गिक गर्भधारणेत असे सुमारे तीस हजारांत एकदा घडते, आयव्हीएफनंतर कितीतरी जास्त वेळा. म्हणून 'पिशवीत एक दिसला, आता काळजी नाही' एवढ्यावर सोनोग्राफी संपू नये. दोन्ही बाजूंच्या नळ्याही पाहिल्या जाव्यात.

आपल्या भागात क्षयाचा उल्लेख टाळता येत नाही. स्त्रीच्या जननेंद्रियांचा क्षय खोकल्याशिवाय, तापाशिवाय वर्षानुवर्षे नळीत राहतो, आणि मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच तो सापडतो. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. ते पूर्ण केल्याशिवाय पुढच्या चक्राची घाई करू नये.

भूकंपानंतर जोडलेल्या नळ्या

मूल होण्यासाठी नळीवरचे उपचार आपल्या जिल्ह्याला नवीन नाहीत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, हादरले. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि दगडमातीची घरे त्यांच्यावर कोसळली. सास्तूर, होळी, राजेगाव ही तेव्हाच्या उमरगा तालुक्यातली, आज लोहारा तालुक्यात असलेली गावे त्यात होती. अनेक आयांनी एका पहाटे सगळी मुले गमावली, आणि त्यांतल्या कित्येकींची दोन-तीन लेकरांनंतर नसबंदी झालेली होती. त्यांच्यासाठी बांधलेल्या नळ्या पुन्हा जोडण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. काहींच्या मांडीवर पुन्हा लेकरू आले, काहींच्या नाही.

ही शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी जोडाच्या जागी नळी अरुंद राहू शकते, आणि तिथे गर्भ अडकण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो. आजही कोणी दुसऱ्या लग्नानंतर, कोणी मूल दगावल्यावर नळ्या जोडून घेते. अशा प्रत्येक स्त्रीला पाळी चुकताच आठवडाभरात तपासणी करायला सांगितले गेले पाहिजे. नसबंदी झालेल्या बाईबाबतही हीच गोष्ट आहे. नसबंदी क्वचित अपयशी ठरते, पण ठरली तर त्यातल्या बऱ्याच गर्भधारणा नळीतल्या असतात. 'माझं ऑपरेशन झालंय, दिवस कसे राहतील' या खात्रीपायी पोटातली कळ अंगावर काढली जाते.

तीन वाटा

शंका पक्की झाली आणि बाईची प्रकृती स्थिर असली, तर समोर तीन वाटा असतात. लक्ष ठेवून थांबणे, इंजेक्शन घेणे किंवा ऑपरेशन करणे.

थांबणे हा काहींसाठी खरा उपचार आहे. बीटाचा आकडा मुळातच कमी आहे आणि आपोआप उतरतो आहे, दुखत नाही, पोटात रक्त दिसत नाही, अशा वेळी शरीर गर्भ स्वतःच विरघळवते. आकडा शून्यावर येईपर्यंत रक्ततपासण्या मात्र चालू ठेवाव्या लागतात.

दुसरी वाट मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनाची. या औषधाच्या मुळाशी एक भारतीय नाव आहे. आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले कंपनीत संशोधन करत होते. फॉलिक आम्लाला अडवून झपाट्याने वाढणाऱ्या पेशी थांबवणारी औषधे त्यांच्या चमूने घडवली. कर्करोगासाठी जन्मलेल्या या औषधाचा नळीतल्या गर्भासाठी पहिला उपयोग १९८२ साली जपानमध्ये नोंदला गेला. गर्भाच्या पेशीही झपाट्याने वाढतात, म्हणून ते तिथे काम करते. आकडा फार मोठा नसेल, नळीतला गोळा साडेतीन सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, गर्भाचे ठोके दिसत नसतील, यकृत-मूत्रपिंड-रक्ताच्या तपासण्या ठीक असतील, तर हा मार्ग निवडता येतो. आकडा दीड हजारांच्या आत असेल तर यश चांगले मिळते. पाच हजारांच्या वर गेला की अपयशाची शक्यता वाढते.

इंजेक्शन दिले म्हणजे काम झाले, असे नसते. चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त तपासायचे. चौथ्या दिवशी आकडा वाढलेला दिसणे नेहमीचे आहे, त्याने घाबरून जाऊ नये. चौथ्या ते सातव्या दिवसांत तो किमान पंधरा टक्के उतरला पाहिजे. नाही उतरला तर दुसरा डोस किंवा ऑपरेशन. मग दर आठवड्याला रक्त, आकडा शून्यावर येईपर्यंत. याला महिना-दीड महिना लागू शकतो, आणि तोवर नळी फुटण्याचा धोका पूर्ण टळलेला नसतो. मूल व्हावे म्हणून प्रत्येक बाई फॉलिक ॲसिडची गोळी घेत असते. ती या काळात बंद करावी लागते, नाहीतर औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो. दुखले म्हणून मेडिकलमधून ब्रुफेन-डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आणू नयेत, डॉक्टर सांगतील तीच घ्यावी. कडक उन्हात काम टाळावे, कारण या औषधाने कातडीला ऊन बाधते. जिचा दिवस रानात जातो, तिला हे आधी सांगायला हवे. पुढचे किमान तीन महिने गर्भधारणा टाळायची असते, म्हणजे उरलेले गोठवलेले गर्भही तोवर सोडायचे नाहीत.

तिसरी वाट ऑपरेशनची. १८८३ साली बर्मिंगहॅमचे लॉसन टेट यांनी फुटलेली नळी काढून एका स्त्रीचा जीव वाचवला, तेव्हापासून ही वाट माहीत आहे. आज ते बहुतेक दुर्बिणीतून होते. नळीला चीर देऊन फक्त गर्भ काढता येतो, किंवा नळीच काढून टाकता येते. नळी वाचवावी असे प्रत्येकीला वाटते, आणि ते साहजिकच आहे. पण २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत दुसरी नळी निरोगी असलेल्या स्त्रियांची तुलना झाली. तीन वर्षांत नळी वाचवलेल्यांपैकी सुमारे ६१ टक्के आणि नळी काढलेल्यांपैकी सुमारे ५६ टक्के स्त्रियांना आपणहून टिकणारी गर्भधारणा झाली. हा फरक ठाम म्हणावा इतका नव्हता. नळी वाचवली तर आत राहिलेल्या पेशी पुन्हा वाढू नयेत म्हणून दर आठवड्याला रक्त द्यावे लागते. आणि पुढे आयव्हीएफच करायचे ठरले असेल, तर त्याला नळी लागतच नाही. पाणी भरलेली खराब नळी काढल्याने उलट पुढच्या चक्राला मदतच होते.

दोन गोष्टी इथे ठासून सांगायला हव्यात. पिशवी साफ केल्याने नळीतला गर्भ निघत नाही. आणि नळीतल्या गर्भासाठी सहसा गर्भाशय काढावे लागत नाही. बीडमधल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या गरज नसताना काढल्या गेल्याचा प्रश्न २०१९ साली महाराष्ट्रात गाजला आणि त्यासाठी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्याच ऊसपट्ट्यातल्या आपल्या जिल्ह्यात ऑपरेशनच्या कागदावर सही करण्याआधी 'नेमकं काय काढणार' हे विचारायचा हक्क प्रत्येक बाईला आहे.

घाईचाही एक धोका आहे. पिशवीतला चांगला गर्भ अजून दिसत नसताना मेथोट्रेक्सेट दिले गेले, तर त्या गर्भाला ते मारू शकते किंवा जन्मतःच गंभीर व्यंग देऊ शकते. वर्षानुवर्षे वाट पाहून मिळालेला गर्भ असा गमावणे कोणालाही परवडणार नाही. म्हणून प्रकृती स्थिर असेल आणि निदान अर्धवट असेल, तर आणखी दोन दिवस थांबून पुन्हा तपासायला सांगणारे डॉक्टर टाळाटाळ करत नसतात. ते त्या गर्भाला आणि आईला, दोघांनाही न्याय देत असतात.

निवड कशावर ठरावी

वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांत इंजेक्शनासाठी एक अट असते, जिच्याकडे शहरात फारसे लक्ष द्यावे लागत नाही. रुग्ण वेळेवर तपासणीला येऊ शकली पाहिजे, आणि काही बिघडले तर तातडीने रुग्णालयात पोचू शकली पाहिजे. माझ्या मते धाराशिव जिल्ह्यात हीच अट सर्वांत मोठी आहे. बीटाचा आकडा आणि गोळ्याचा आकार जितका महत्त्वाचा, तितकेच महत्त्वाचे हे, की रात्री दोन वाजता नळी फुटली तर ही बाई किती वेळात ऑपरेशन थिएटरमध्ये पोचेल.

नळी फुटली की पोटात रक्त साचते. पहिल्या तिमाहीत आईचा जीव घेणाऱ्या कारणांत हे सगळ्यात वरचे. परांड्याच्या बाजूच्या गावाला धाराशिवपेक्षा बार्शी जवळ पडते. उमरग्याहून सोलापूर किंवा लातूर, कळंबहून लातूर किंवा अंबाजोगाई. भूम-वाशीच्या डोंगरपट्ट्यातून कुठेही जायचे तर आधी मुख्य रस्त्याला लागण्यातच वेळ जातो. ज्या केंद्रात आयव्हीएफ झाले ते पुण्यात असेल, तर तिथल्या डॉक्टरांचा फोन नंबर त्या रात्री पुरेसा नसतो.

म्हणून सोलापूरला किंवा पुण्याला नातेवाइकांकडे मुक्काम करून तपासण्या पूर्ण करणे जिला शक्य आहे, तिच्यासाठी इंजेक्शन सुरक्षित ठरू शकते. पण दिवाळीनंतर कुटुंबासह ऊसतोडीला जाणारी, मुकादमाची उचल घेतलेली, फडावर कोपीत राहणारी बाई दर आठवड्याला रक्त द्यायला कशी येईल? तिच्यासाठी तोच आकडा असला तरी वेळीच केलेले ऑपरेशन जास्त शहाणपणाचे असू शकते. दोघींना वेगळा सल्ला देणारा डॉक्टर भेदभाव करत नसतो. एकच सल्ला सगळ्यांना देणे हाच इथे अन्याय होतो.

धोक्याची लक्षणे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवीत. ओटीपोटात एका बाजूला अचानक जोराची कळ. खांद्याच्या टोकाला दुखणे, कारण पोटातले रक्त वरच्या पडद्याला लागले की कळ खांद्यात उमटते. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, घाम, अंग गार पडणे, शौचाची भावना होऊन बेशुद्ध पडणे. अंगावरून थोडेच जात असले तरी आत भरपूर रक्त साचलेले असू शकते. यातले एकही लक्षण दिसले तर १०८ ला फोन करायचा. २०१४ पासून ही रुग्णवाहिका राज्यभर मोफत आहे. फोनवर 'गर्भ नळीत असल्याची शंका होती' हे वाक्य सांगायचे.

आणि अशा वेळी आपल्या आयव्हीएफ केंद्रापर्यंत जाण्याचा हट्ट धरायचा नाही. जिथे स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त आहे, असे सर्वांत जवळचे ठिकाण गाठायचे. धाराशिवला जिल्हा स्त्री रुग्णालय आहे, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. उमरगा, तुळजापूर, कळंबसारख्या ठिकाणी उपजिल्हा रुग्णालये आहेत, सास्तूरला भूकंपानंतर उभे राहिलेले स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे. कुठे कोणत्या वेळी तज्ज्ञ हजर असतात, हे आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला माहीत असते, ते आधीच विचारून ठेवावे. फुटलेल्या नळीसाठी पोट उघडून केलेले ऑपरेशन दुर्बिणीपेक्षा कमी प्रतीचे नसते. त्या क्षणी लवकर होणारे ऑपरेशनच चांगले. बाईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनाची गरज आहे का, हेही विचारावे.

पैशाचे आणि मनाचे

आयव्हीएफवर सगळा पैसा संपलेला असतो आणि मग हा खर्च येतो. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींमध्ये बाळंतपणाचा खर्च वगळलेला असतो, पण त्याच अटीत एक्टोपिक गर्भधारणेला या वगळण्यातून सूट दिलेली आहे. 'प्रसूतीचे आहे, बसत नाही' असे विमा कंपनीच्या माणसाने सांगितले तर पॉलिसीतली ती ओळ त्याला दाखवावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. आपले ऑपरेशन योजनेत बसते का, हे पैसे भरण्याआधी त्याला विचारावे.

मनाचा हिशेब याहून अवघड. नळीतला गर्भ वाचवता येत नाही. तो पिशवीत हलवून लावायचे तंत्र जगात कुठेही नाही. हे स्वीकारताना बाईला एकाच वेळी दोन गोष्टी सोसाव्या लागतात, हवे असलेले लेकरू जाणे आणि स्वतःचा जीव धोक्यात असणे. २०२० साली लंडनच्या एका अभ्यासात गर्भपात किंवा नळीतला गर्भ अनुभवलेल्या साडेसहाशेहून अधिक स्त्रियांचा पाठपुरावा केला गेला. महिन्याभराने त्यांच्यापैकी २९ टक्के जणींमध्ये तीव्र आघातानंतर दिसणारी लक्षणे होती, नऊ महिन्यांनीही १८ टक्के जणींमध्ये ती टिकून होती. दचकून जागे होणे, दवाखान्याचा वास नकोसा होणे, कोणाच्या ओटीभरणाला जाता न येणे, ही या आजाराची रूपे आहेत. त्याला नाजूकपणा म्हणून हसण्यावारी नेऊ नये. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तिथे मराठीत बोलता येते.

तिच्या सोबत असणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे की दोष शोधू नका. 'तू पायऱ्या चढलीस', 'प्रवास केलास', 'देवीचं काही राहिलं असेल' ही वाक्ये घरात नकोत. नवरा या सगळ्यात रिक्षा, पैसे आणि रिपोर्ट सांभाळत धावतो आणि स्वतः एका शब्दानेही बोलत नाही. त्याचेही लेकरू गेलेले असते. त्यालाही कोणीतरी जवळ बसवून विचारायला हवे.

पुढच्या वेळी काय? एकदा नळीत गर्भ राहिलेल्या स्त्रीला पुन्हा तसेच होण्याची शक्यता साधारण दहा टक्के असते. म्हणजे बहुतेकींना पुन्हा तसे होत नाही. पुढच्या गर्भधारणेत सहाव्या आठवड्याच्या आसपास सोनोग्राफी करून जागा पाहून घ्यायची, एवढी दक्षता नेहमीसाठी ठेवायची.

मागणे

२०२१च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने या केंद्रांची नोंदणी सक्तीची केली. त्या नोंदणीला एका साध्या कागदाची जोड मिळाली पाहिजे. गर्भ सोडून घरी पाठवताना प्रत्येक जोडप्याच्या हाती मराठीत एक पान द्यावे. गर्भ कोणत्या तारखेला सोडला, किती सोडले, रक्तगट कोणता, बीटा कधी करायचा, सोनोग्राफी कधी, कोणती लक्षणे दिसली तर थांबायचे नाही, आणि त्या गावाहून रात्री पोचण्याजोगे सर्वांत जवळचे ऑपरेशनचे रुग्णालय कोणते. हे पान कोणत्याही यंत्रापेक्षा स्वस्त आहे. जिल्हा आरोग्य विभागाने आशाताईंच्या प्रशिक्षणातही ही लक्षणे घ्यावीत. पाळी चुकल्यावर पोट दुखणाऱ्या बाईला आधी गाठणारी व्यक्ती आशाताईच असते.

आणि उपचार घेणाऱ्या बहिणींना एक विनंती. रिपोर्ट आल्यावर गर्भ पिशवीत दिसेपर्यंत कोणालाही पेढे वाटू नका, पण निदान एका माणसाला सगळे सांगून ठेवा. 'शंका आहे' असे डॉक्टर म्हणाले, तर घरी येण्याआधी त्यांना तीन प्रश्न विचारा. पुढचे रक्त कोणत्या दिवशी द्यायचे? माझ्या गावाहून इंजेक्शन सुरक्षित आहे की ऑपरेशन? रात्री दुखले तर मी कुठे जायचे? या तीन प्रश्नांची स्पष्ट उत्तरे मिळाल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरू नका.